भीती आधी येते, तंबाखू नंतर

संध्याकाळी अंगणात पावलं वाजली की घरातलं पोर आधी कान देतं. पावलं नीट पडतायत की ओढत येतायत, वहाण दाराशी काढली की भिरकावली, खाकरण्याचा सूर कसा आहे, एवढ्यावरून त्याला आजची रात्र कशी जाणार ते कळतं. बेत ठरलेला असतो. धाकट्या बहिणीला उचलून शेजारच्या काकीकडे न्यायचं, कोयता आणि सरपण नजरेआड करायचं, जेवायला मागायचं नाही. आईवर हात उगारला गेला तर मध्ये पडायचं की नाही, एवढंच रोज नव्यानं ठरवावं लागतं.

हा मुलगा कुणी एक नाही. पण शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या पाड्यावर काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीला, अंगणवाडी सेविकेला किंवा जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना हे वर्णन वाचताना एखादा चेहरा आठवेल. त्या चेहऱ्याची पुढची गोष्टही त्यांना ठाऊक असेल. सातवी-आठवीत तो शाळेमागे तंबाखू मळताना सापडतो. गुरुजी रागावतात, घरी निरोप जातो आणि घरी मार पडतो. 'संगत वाईट' असा निष्कर्ष निघतो आणि चौकशी तिथंच थांबते.

गेल्या तीसेक वर्षांतल्या संशोधनानं थांबू नये म्हटलंय ते नेमकं इथं. लहान वयात व्यसनाकडे वळलेल्या मुलाच्या बाबतीत संगत, कुतूहल आणि सहज मिळणारी पुडी यांचा वाटा असतोच. परंतु त्याच्या कितीतरी आधी, बहुधा त्याला बोलताही येत नव्हतं तेव्हापासून, घरात काय घडत होतं हे पाहिल्याशिवाय त्या पुडीचा अर्थ लागत नाही.

शहापूर आणि मुरबाड मुंबईकरांना ठाऊक आहेत ते तानसा-भातसाच्या पाण्यामुळे आणि माळशेजच्या पावसामुळे. अलीकडे समृद्धी महामार्गामुळेही. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून गेला. महामार्गापासून आत वळलं की कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली यांचे पाडे आणि कुणबी-आगरी गावं लागतात. पावसाळ्यात भातशेती. दिवाळी झाली की हाताला काम नसतं. मग अनेक कुटुंबं, त्यांत कातकरी अधिक, भिवंडी, कल्याण, पनवेल, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाच्या तोंडावर घेतलेली उचल फेडायला सबंध कुटुंब राबतं, मजुरी हजार विटांमागे ठरते आणि दर आठवड्याला हाती पडते ती नुसती खर्ची. हिशेब हंगाम संपल्यावर.

या व्यवस्थेत मुलाचं काय होतं? आईबापांबरोबर गेलं तर शाळा सुटते आणि प्लास्टिकच्या कागदानं शाकारलेल्या खोपटात, दाटीवाटीत, मोठ्यांचं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडतं. भांडणं आणि मारहाण, अंगाचा ठणका घालवायला घेतलेली दारू. मागं आजीकडे किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिलं तर सहा-सात महिने आईबाप दिसत नाहीत. दोन्ही वाटांनी त्याच्या वाट्याला असुरक्षितता येते. तऱ्हा फक्त वेगळी.

इथं एक गोष्ट आताच सांगून टाकायला हवी. 'आदिवासी आणि दारू' ही जोडी शहरी वाचकाच्या डोक्यात फार चटकन जुळते. मोहाची दारू देवकार्यात, लग्नात, शिमग्यात येते आणि ती वापरणाऱ्या कितीतरी घरांत मुलावर हात उगारला जात नाही. उलट बालपणीच्या हिंसेचा आणि व्यसनाचा संबंध सगळ्यात ठळकपणे जिथं दिसला ते लोक डोंगरातले नव्हते आणि गरीबही नव्हते.

वजन कमी करणारे दवाखाना का सोडत होते

अमेरिकेत सॅन डिएगो इथं कैसर परमनंट या आरोग्य विमा संस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारा विभाग चालवत. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन उत्तम घटतंय तेच लोक मध्येच उपचार सोडून जातायत. कारण शोधण्यासाठी त्यांनी अशांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांच्या बोलण्यातून बालपणीचे लैंगिक अत्याचार पुढे आले. डॉक्टरांना जो आजार वाटत होता तो त्या लोकांच्या लेखी संरक्षण होतं. अंगावर चरबी असली की कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

यातूनच पुढे फेलिटी आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. रॉबर्ट अँडा यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. १९९८ मध्ये त्याचा पहिला निबंध आला, त्यात ९,५०८ प्रौढांची उत्तरं होती; पुढे हा आकडा १७ हजारांवर गेला. त्यांना विचारलं होतं: अठरा वर्षांचे होण्याआधी तुम्हाला मारहाण झाली का, अपमान झाला का, लैंगिक अत्याचार झाला का? आईला मारलेलं पाहिलंत का? घरात कुणी व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं होतं का? मग या उत्तरांची सांगड त्यांच्या आजच्या तब्येतीशी घातली. असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट होता. धूम्रपानाचा २ ते ४ पट. २००३ मध्ये याच अभ्यासातून आणखी एक निबंध निघाला. त्यात दिसलं की अशा अनुभवाच्या प्रत्येक प्रकारागणिक कमी वयात अमली पदार्थ सुरू करण्याची शक्यता २ ते ४ पटींनी वाढते.

उत्तरं देणारे बहुतेक गोरे, मध्यमवर्गीय, विमा असलेले आणि कॉलेजची पायरी चढलेले लोक होते. म्हणजे भीतीचा परिणाम पाडा आणि बंगला असा भेद करत नाही. फरक इतकाच की बंगल्यातल्या मुलाला नंतर डॉक्टर मिळण्याची शक्यता जास्त.

भारतातलं चित्र काय आहे? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाणीचा अनुभव होता. अलीकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकारानं देशातल्या सात केंद्रांवर सुमारे नऊ हजार मुलं आणि तरुण यांचा जो अभ्यास झाला, त्यातही बालपणीचे प्रतिकूल अनुभव आणि नशेचे पदार्थ यांचं नातं तपासलं गेलं आणि ते आढळलं. आणि घरातली मारहाण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यानं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशपातळीवर, ज्यांचे नवरे वरचेवर दारू पिऊन येतात अशा बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. यातल्या बहुतेकींना मुलं आहेत. त्यांची नोंद या पाहणीत 'हिंसा झालेले' म्हणून होत नाही, कारण मार त्यांना बसलेला नसतो. शरीराला मात्र हा फरक फारसा कळत नाही.

मेंदूची धोक्याची घंटा

घाबरलं की काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तोंड कोरडं होतं. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर, बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. अॅड्रिनलिन रक्तात येतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल. पळण्यासाठी किंवा भिडण्यासाठी शरीर सज्ज होतं. धोका टळला की कॉर्टिसॉल उतरतं आणि घंटा थांबते.

लहान मुलाला मात्र ही घंटा स्वतःहून थांबवता येत नाही. ते काम मोठ्या माणसाचं असतं. ठेच लागून रडणारं मूल आईच्या कुशीत दोन मिनिटांत गप्प होतं ते यामुळेच. तिचा शांतपणा त्याच्या शरीरात उतरतो. आता जिच्या कुशीत जायचं तीच मार खात असेल, किंवा ज्याच्या कुशीत जायचं तोच मारत असेल, तर घंटा थांबवणार कोण? ती वाजतच राहते. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. हार्वर्ड विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ जॅक शोनकॉफ आणि त्यांचे सहकारी याला 'विषारी ताण' म्हणतात. ताण मुळात वाईट नसतो, परीक्षेचा किंवा शर्यतीचा ताण मूल पेलतं. पाठीशी कुणीच नसताना न संपणारा ताण वाढत्या मेंदूची घडण बदलतो.

२०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या इमन मॅक्रोरी यांच्या गटानं ४३ मुलांच्या मेंदूंचं स्कॅनिंग केलं. त्यांपैकी २० जणांनी घरात हिंसा अनुभवली होती. स्कॅनच्या वेळी मुलांना माणसांचे चेहरे दाखवले. रागावलेला चेहरा समोर आला की हिंसा पाहिलेल्या मुलांचा अमिग्डाला आणि मेंदूचा आणखी एक भाग, इन्सुला, इतरांपेक्षा जास्त उसळत होता. लढाईचा अनुभव घेतलेल्या सैनिकांमध्ये हेच दोन भाग असे उसळताना यापूर्वी दिसले होते. विशेष म्हणजे ही मुलं आजारी नव्हती, वरवर पाहता सर्वसाधारण होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सेथ पोलॅक यांनी धूसर चेहरा हळूहळू स्पष्ट होत जाणारी चित्रं दाखवली, तेव्हा मार खाल्लेल्या मुलांनी राग इतरांच्या आधी ओळखला.

पावलांच्या आवाजावरून रात्र ओळखणारा मुलगा हेच करतो. त्याच्या घरात हे कौशल्य जीव वाचवणारं आहे. वर्गात तेच आड येतं. गुरुजींनी नुसता आवाज चढवला, शेजारच्या पोराचा धक्का लागला, की त्याच्या मेंदूला संकट दिसतं. तो अंगावर धावून जातो किंवा मग खिळल्यासारखा बसून राहतो, फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. शेरा पडतो: भांडखोर, मंद, लक्ष नाही.

आणि मग एक दिवस मोठी पोरं त्याच्या हातावर तंबाखू-चुना ठेवतात.

पुडीतून काय मिळतं

खरं तर या भागात पहिली तंबाखू पोरांच्या टोळक्यात मिळेलच असं नाही. बऱ्याच घरांत सकाळी दात घासायला मशेरी असते. भाजून कुटलेली तंबाखू. आजी घासते, आई घासते, मुलगीही घासते आणि ते व्यसन आहे असं कुणाला वाटत नाही. तंबाखूवरच्या चर्चेत मुलींचा विषय सहसा निघत नाही, त्याचं एक कारण हे असावं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१९ मध्ये देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी केली. ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू केली होती. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवी. व्यसनमुक्तीची व्याख्यानं आणि शपथा बहुधा आठवी-नववीच्या वर्गात होतात.

शांत घरातल्या मुलानं चिमूटभर तंबाखू चाखली तर त्याला घेरी येते, मळमळतं, तो थुंकून टाकतो. गंमत संपली. ज्याच्या डोक्यात घंटा वाजतेय त्यालाही घेरी येते, पण तिच्या पाठोपाठ आणखी काहीतरी येतं. निकोटिन मेंदूत डोपामिन सोडतं, क्षणभर लक्ष एकाग्र होतं आणि आतली तगमग मंदावते. दारू याहून थेट काम करते. मेंदूला धीमं करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर ती वाढवते, म्हणजे जी घंटा थांबवायला कुणी नव्हतं ती घंटा दारू काही तास बंद पाडते. पंक्चरच्या सोल्यूशनचा किंवा व्हाइटनरचा वास घेणाऱ्या पोरांना हेच काही मिनिटांत आणि काही रुपयांत मिळतं. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण हृदयाची लय बिघडून पहिल्याच खेपेला मृत्यू येऊ शकतो. केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये ज्याचं प्रमाण जास्त आढळलं असा हा एकच गट होता.

हार्वर्डमधले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड कँट्झियन यांनी १९८५ साली याला 'स्वतःच केलेला औषधोपचार' म्हटलं होतं. व्यसनी माणूस सुखासाठी नशा करतो हा समज अपुरा आहे, अनेक जण असह्य दुःख सहन करता यावं म्हणून करतात, असं त्यांचं म्हणणं. फेलिटींच्या लठ्ठ रुग्णांशी हे किती जुळतं ते पाहा. ज्याला आपण समस्या म्हणतो तो त्या माणसानं शोधलेला उपाय असतो. वाईट, महागात पडणारा, पण त्या घडीला त्याच्या हाताशी असलेला एकमेव.

उपाय महागात पडतो तो वयामुळे. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. तो कच्चा असताना मेंदू जे शिकतो ते खोल रुजतं. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक पुढे दारूवर अवलंबून झाले. एकवीसनंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याजवळचा पुरावा गोव्याचा आहे. उत्तर गोव्यातल्या १,८९९ पुरुषांच्या अभ्यासात, १९५६ ते ६० दरम्यान जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात दारूला सुरुवात केली होती. १९८१ ते ८५ दरम्यान जन्मलेल्यांत हाच आकडा ७४.३ टक्क्यांवर गेला. लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये पुढे दारूचं अवलंबित्व आणि मानसिक त्रास अधिक होता.

यावर रास्त शंका येते. बाप दारुडा असेल तर मुलाला त्याच्याकडून मार मिळतो तशी जनुकंही मिळतात. मग दोष माराचा की रक्ताचा? दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, हे खरं आहे. ही गाठ सोडवायला जुळ्यांचा उपयोग होतो. व्हर्जिनियातले केनेथ केंडलर यांनी २००० साली जुळ्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर तेच, आईबाप तेच, पण एकीवर बालपणी लैंगिक अत्याचार झालेला आणि दुसरीवर नाही, अशा जोड्या त्यांनी पाहिल्या. अत्याचार झालेल्या बहिणीला व्यसनाचा आणि मनोविकाराचा धोका जास्त होता. म्हणजे जनुकं आहेतच, पण त्यांच्यावर सगळं ढकलता येत नाही.

दुसरी सावधगिरी उलट बाजूची. 'चार अनुभव म्हणजे हा मुलगा व्यसनी होणारच' असं गणित कुणी मांडू नये. हे आकडे हजारो माणसांच्या गटाचे आहेत, एका मुलाच्या भविष्याचे नाहीत. डॉ. अँडा यांनीच पुढे इशारा दिला की या प्रश्नावलीतले गुण मोजून एकेका व्यक्तीवर शिक्का मारणं चुकीचं आहे.

मार खाऊन सुटत नाही

आता शाळेमागे सापडलेल्या त्या मुलाकडे परत येऊ. त्याला झोडपलं, तर ज्या भीतीवर त्यानं तंबाखूचा उतारा शोधला तीच भीती वाढते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, ते निव्वळ दयेपोटी नव्हे. शाळेतून काढून टाकलं तर दिवसातले सहा तास सुरक्षित असलेली एकमेव जागाही जाते. तरीही बहुसंख्य गावांत आजही हेच होतं, आणि करणारे वाईट माणसं नसतात. त्यांना पोराची काळजी असते, दुसरं काय करायचं ते ठाऊक नसतं.

कायदा आहे, आणि कडक आहे. बाल न्याय अधिनियम २०१५च्या ७७व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराला चपटी आणायला धाडणाऱ्या बापाला आणि ती त्याच्या हातात देणाऱ्याला हे कलम कुणी वाचून दाखवलेलं नसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्याचं काय झालं ते कुठल्याही नाक्यावर दिसतं.

आरोग्य यंत्रणेत गंमत वेगळी आहे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी सहा विषय ठरले. त्यांत 'हिंसा व इजा' आहे, 'मानसिक आरोग्य' आहे आणि 'नशेच्या पदार्थांचा गैरवापर'ही आहे. कागदावर तिन्ही एकाच छताखाली आले, पण तीन वेगळ्या रकान्यांत. तंबाखूच्या रकान्यात सापडलेल्या मुलाला हिंसेच्या रकान्यातला प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

तो प्रश्न अवघडही नाही. 'तंबाखू का खातोस?' याला मुलाकडे उत्तर नसतं, तो मान खाली घालतो. 'रात्री झोप लागते का रे? घरी कशाची भीती वाटते का?' याला उत्तर असतं. लगेच येईल असं नाही, दोन-चारदा विचारावं लागेल, एकटं असताना, आणि उत्तर आलं की त्याच्या बापाला जाऊन जाब विचारायची घाई न करता. नाहीतर त्या रात्रीचा मार विचारणाऱ्यामुळे पडतो. मुलींचं उत्तर बऱ्याचदा शब्दांत येत नाही. वारंवार दुखणारं पोट, डोकं, चक्कर येणं, शाळेतून घरी जायला टाळाटाळ, ही त्यांची भाषा असते. बोलण्यातून लैंगिक अत्याचार समोर आला तर मात्र तो स्वतःपाशी ठेवता येत नाही, पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पुढे काय? कसाऱ्यापलीकडच्या पाड्यावरून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. दर मुलाला मानसोपचारतज्ज्ञ मिळणं पुढच्या कित्येक वर्षांत शक्य नाही. पण दर मुलाला त्याची गरजही नसते. हवाई बेटांपैकी काऊआई नावाच्या बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांची बरीच मुलं त्यांत होती. गरिबी, घरातली भांडणं, व्यसनी किंवा मनोरुग्ण आईबाप असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही धडधाकट, प्रेमळ, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात समान काय होतं? इतर गोष्टींबरोबर एक ठळक होती: आईबापांखेरीज निदान एक तरी मोठं माणूस त्यांना धरून होतं. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक. ज्याच्यापाशी गेलं की घंटा थांबते असं माणूस.

भट्टीवर गेलेल्या आईबापांची मुलं सांभाळणाऱ्या आज्या शहापूर-मुरबाडमध्ये आहेतच. त्यांच्याकडे कुठलीच योजना बघत नाही. स्वयंपाकाला दोन पैसे, आजारपणात कुणीतरी विचारपूस आणि 'तुम्ही जे करताय ते औषधच आहे' एवढं सांगणारी आशाताई त्यांना मिळाली तरी पुष्कळ होईल.

आणि बापाचं काय? त्याला वगळून मुलाला वाचवण्याच्या गोष्टी फार होतात. भट्टीवर पहाटे दोन-तीनला उठून चिखल तुडवणारा हा माणूसही कधीतरी पावलांच्या आवाजावर रात्र ओळखणारा पोरगाच असू शकतो. गोव्यात 'संगत' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाचा प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, गावातलेच प्रशिक्षण घेतलेले तरुण होते आणि भेटी एक ते चारच. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण त्या दहा टक्क्यांच्या घरांतली मुलं मोजली, तर किती अंगणांतली पावलं बदलली असतील याचा अंदाज येतो. मुरबाडच्या किंवा शहापूरच्या आरोग्य केंद्रात हे करायला नवी इमारत लागत नाही.

तोवर फोन आहेत, तेही चोवीस तास आणि फुकट. मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ (मराठीतून बोलता येतं) आणि व्यसनासाठी १४४४६. हे आकडे शाळेच्या भिंतीवर लिहिताना मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लिहू नयेत; तिथं उभं राहून कुणी ते वहीत उतरवून घेत नाही. पाण्याच्या टाकीजवळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराआड लिहावेत.

वेळेचं गणितही पाहावं लागेल. शाळा जूनमध्ये उघडते आणि दिवाळीनंतर पटावरची कितीतरी नावं भट्टीवर जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते दाखवून मूल कामाच्या गावच्या शाळेत बसू शकतं. विश्वास मात्र पत्रकावर लिहून पुढच्या गुरुजींकडे धाडता येत नाही. भातलावणीपासून कापणीपर्यंतचे चार-साडेचार महिने, ज्या काळात मूल रोज समोर बसतं, तेवढाच अवधी 'झोप लागते का रे?' असं विचारण्यासाठी हाती असतो.